चष्मा काढा, मावशी

"ही आमची सटवी."

सरांनी माझी ओळख अशी करून दिली. पुण्याहून एक मोठे प्राध्यापक विभागात आले होते, त्यांना. मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढत होते.

पाहुणे जरा दचकले. मग सर म्हणाले, "अहो, विषय! सटवाईवर पीएचडी करतेय माझ्याकडे." तेव्हा पाहुणे हसले. सर हसले. केतकी हसली, ती माझ्याबरोबरच सरांकडे संशोधन करत होती. मीही हसले. चारचौघं हसत असताना एकटीनं तोंड पाडून बसायचं म्हणजे पुन्हा त्याचं कारण सांगत बसा.

"नाव काय बाळ तुझं?" पाहुण्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, अच्छा." हे दोनदा म्हटलेलं अच्छा मी शाळेपासून ओळखते. आडनाव ऐकून माणूस एकदा अच्छा म्हणतो. आमचं आडनाव ऐकून दोनदा म्हणतो. मग चहा आला आणि मी तो सगळ्यांना दिला.

त्या दिवसापासून विभागात माझं नावच सटवी पडलं. सटवी आली का? सटवीला सांगा प्रोजेक्टर लावायला. सटवी, पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन ये. मी एकदा केतकीला म्हटलं, मला नाही आवडत हे. ती म्हणाली, "अगं, प्रेमानं म्हणतात. विषयावरून." तिचा विषय उपनिषदं. तिला प्रेमानं कुणी काही म्हणत नव्हतं.

सटवी ही शिवी आहे. आमच्या वस्तीत नळावर भांडण लागलं की पहिली हीच निघते. आणि सटवाई ही देवी आहे. बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी ती येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. म्हणून त्या दिवशी पाटा-वरवंटा मांडतात, हळद-कुंकू वाहतात, आणि शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. तिला लिहायला. जिच्या पुढ्यात सगळा गाव कागद-पेन ठेवतो, तिच्याच नावाची शिवी कशी झाली? कधी झाली? कुणी केली? मला एवढंच शोधायचं होतं. एमएला असताना हा प्रश्न डोक्यात घुसला तो निघालाच नाही. सरांनाही आवडला होता. पहिल्या भेटीत म्हणाले होते, "तुला फील्डवर जायची गरजच नाही. तूच फील्ड." मला ते कौतुक वाटलं. वेडी मी. घरी फोन करून आईला सांगितलं सुद्धा.

आम्ही निफाडकडचे. मातंग वस्तीतले. आई द्राक्षाच्या पॅकिंगला जाते. तिची सासू, म्हणजे माझी आजी, सुईण होती. आता बाळंतपणं सगळी दवाखान्यात होतात, पण पाचवी घरीच होते, आणि वस्तीतली पाचवी आईच पुजते. मराठ्यांच्या घरचीही बोलावणी येतात कधी कधी. आई सातवी शिकलेली आहे. पेपर वाचते, शिळा असला तरी वाचते, भेळेचा कागदही सोडत नाही. तिची नजर लहानपणापासूनच अधू. जाड भिंगांचा चष्मा आहे. तो काढला की समोर बाप्या उभा आहे की बाई, तेही तिला कळत नाही.

नाशकात मी मखमलाबाद रोडला एका खोलीत राहायचे. अजूनही तिथंच राहते. विभागात जायचं, ग्रंथालयात बसायचं, पायऱ्यांवर बसून डबा खायचा, परत यायचं. विभागात सगळे डबे एकत्र उघडायचे. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. एकदा मी सुकटीची चटणी नेली होती, तेव्हा एकीनं खिडकी उघडली. बस, एवढंच. खिडकी उघडायला कुणाची परवानगी लागते? त्यानंतर मी पायऱ्या धरल्या. रविवारी तर दिवसभर कुणाशी बोलणंच व्हायचं नाही. संध्याकाळी भाजीवालीला "मेथी कशी दिली मावशी" म्हटलं की स्वतःचाच आवाज घोगरा लागायचा.

पहिलं प्रकरण लिहून मी सरांना दिलं. परत आलं तेव्हा पानापानावर लाल पेन. जिथं जिथं मी "देवता" लिहिलं होतं, तिथं तिथं सरांनी त्याच्याआधी "क्षुद्र" घातलं होतं. क्षुद्र देवता. क्षुद्र देवतांची उपासना. क्षुद्र देवता सटवाई. सुंदर अक्षर आहे सरांचं.

मी म्हटलं, "सर, क्षुद्र कशाला?"

"संज्ञा आहे ती. पारिभाषिक. उच्च दैवतं, क्षुद्र दैवतं. वर्गीकरण आहे."

"लोकदेवता लिहिलं तर?"

सर खुर्चीत मागे रेलले. "हे बघ. संशोधकाला कातडी जाड लागते. तुला डिग्री पाहिजे की देवी?"

कागद उचलले आणि निघाले. पीएचडी म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो हे सगळेच सांगतात. फक्त कुणाचं तोंड जास्त दाबतात ते सांगत नाहीत. मी पुढच्या वेळी तो शब्द न घालता प्रकरण दिलं. सरांनी पुन्हा घातला. मी पुन्हा काढला. असं चाललं होतं. दोघांनाही माहीत होतं की शेवटी सही त्यांचीच लागणार आहे. त्यांच्या सहीशिवाय माझा प्रबंध म्हणजे रद्दी.

मग एक दिवस सरांचा फोन आला. "अगं, एक विनंती होती तुला." सरांच्या तोंडून विनंती हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

सरांना नातू झाला होता. अशक्त होता, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला होता. घरी आणला तोवर पाचवा दिवस कधीच उलटून गेला होता. पण सरांच्या आईनं हट्ट धरला. पाचवी झाल्याशिवाय बारसं करायचं नाही म्हणे, आणि पाचवी साग्रसंगीत करायची, सुईणीच्या हातची. "म्हातारं माणूस आहे," सर म्हणाले, "ऐकत नाही. तुझ्या आईंना आणशील का? आणि आमच्याकडे पाटा-वरवंटा नाही गं, मिक्सर आहे. तेही त्यांनाच घेऊन यायला सांग." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "विभागात बोलू नकोस. उगाच चर्चा."

आईला काय आनंद! ठेवणीतलं लुगडं काढलं. पाटा जड म्हणून घरी ठेवला, वरवंटा पिशवीत घातला आणि यष्टीत बसली. निमाणीच्या स्टँडवर मी घ्यायला गेले तर कंडक्टर तिला पिशवी खाली द्यायला लागला होता. म्हणाला, "मावशे, दगड भरलेत का काय पिशवीत?"

"दगडच हाय बाबा," आई म्हणाली, "नीट धर, देव हाय."

रिक्षात मला विचारत होती, सायबाला काय म्हणू? म्हटलं, सर म्हण. ती घोकत बसली. सर. सर. सर.

सरांचा फ्लॅट गंगापूर रोडला. मोठा हॉल. पांढरीशुभ्र फरशी, तिला काळ्या पट्टीची चौकट. सरांच्या मॅडमनी दारातच सांगितलं, "मावशी, इथं हॉलमध्येच मांडू या हं. आत देवघर आहे." आई म्हणाली, बरं. कोपऱ्यात चौरंग नव्हता, पाट नव्हता. आईनं आपल्याच पिशवीतून धुतलेलं फडकं काढलं, फरशीवर अंथरलं, त्यावर वरवंटा उभा केला, तांदळाच्या राशीत टेकवून. हळद लावली, कुंकू लावलं. सरांच्या आई खुर्चीत हात जोडून बसल्या होत्या. सून बाळ घेऊन बसली होती. बाळ खरंच एवढंसं होतं, मुठीएवढं.

आई म्हणाली, "कागद ठिवा. पेन ठिवा."

सरांनी आतून कोरा कागद आणला. मग खिशातलं स्वतःचं पेन काढलं. काळं, सोनेरी टोपणाचं, शाईचं. माझ्या प्रकरणांवर लाल शाई भरून चालायचं ते हेच. सरांनी ते कागदावर आडवं ठेवलं. त्यांनी वरवंट्यापुढे डोकं टेकवलं. चांगलं बराच वेळ टेकवलं. मला त्या वेळी त्यांची दया आली. खोटं कशाला बोलू? म्हटलं, भीती सगळ्यांना सारखीच लागते. आता तरी तो शब्द जाईल.

मग सर उठले आणि मोबाईल काढला. "मावशी, एक फोटो. आठवण."

आई लाजली. सर म्हणाले, "पदर डोक्यावरून घ्या. अजून पुढं. हां." मग म्हणाले, "तो फोन बाजूला ठेवा." आईचा फोन फडक्याशेजारी होता, तो तिनं उचलून माझ्याकडे दिला. सुनेला सांगितलं, "बाळाला आत ने, फ्लॅश नको." मग पुन्हा आईकडे बघितलं.

"चष्मा काढा, मावशी."

"त्याच्याबिगर दिसत नाय मला, सर."

"एकच मिनिट. चकाकतो तो फोटोत."

आईनं चष्मा काढला आणि हवेतच पुढे धरला. मी कुठं उभी आहे ते तिला दिसत नव्हतं. मी जाऊन घेतला. काचा तिच्या श्वासानं गरम होत्या. आई चाचपडत हळदीची वाटी शोधायला लागली. बोट वाटीत न जाता काठावर गेलं, हळद सांडली. तिनं डोळे बारीक केले, मान पुढं काढली. सर फोटो काढत होते. छान. छान. तसंच राहा. सुंदर. एक मिनिट म्हणाले होते, चांगली पाचेक मिनिटं तिला आंधळी करून बसवली आणि मी तिथं चष्मा हातात धरून उभी.

निघताना मॅडमनी एक साडी दिली आणि नैवेद्य डब्यात बांधून दिला. "घरी जाऊन निवांत खा." आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता. लिफ्टमध्ये आईनं चष्मा पुसून डोळ्याला लावला. "लय चांगली मान्सं," म्हणाली. "फोटू धाडतील ना गं?"

पाचवी रात्रभर हलवत नाहीत, म्हणून वरवंटा तिथंच राहिला होता. दुसऱ्या दिवशी मॅडमचा मेसेज. "तो दगड वॉचमनकडे ठेवलाय. घेऊन जाशील का?" मी गेले. वॉचमनच्या खुर्चीखाली, त्याच्या चपलांशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत होता. हळद-कुंकू धुवून टाकलेलं. गरज सरो, वैद्य मरो. मी तो छातीशी धरून सिटी बसमध्ये बसले.

फोटो काही आला नाही. आई दर फोनला विचारायची. मग विचारायची थांबली.

काही महिन्यांनी आमच्याकडे चर्चासत्र झालं. ठिकठिकाणचे प्राध्यापक आले होते. पुण्याचे ते अच्छा-अच्छावालेही होते, अध्यक्ष म्हणून. मी नेहमीसारखी लॅपटॉपवर. स्लाइड पुढं ढकलायचं काम सटवीचं. सरांनी सकाळीच पेनड्राइव्ह हातात दिला होता. त्यात काय आहे बघायला मला वेळ झाला नव्हता, मी पाहुण्यांची पाकिटं आणि फुलं बघत होते.

सरांचा निबंध क्षुद्र देवता आणि तंद्री यावर होता. अंगात येणं, भान हरपणं, असलं सगळं. चांगलं बोलतात सर. ते म्हणाले, पुढची. मी बटण दाबलं.

आई.

भिंतभर आई. डोक्यावरून पदर, डोळे बारीक, मान पुढं काढलेली, बोट हळदीत. खाली अक्षरं होती. निफाड तालुक्यातील मांगवाड्यातील पाचवी. क्षुद्र देवतेची निरक्षर उपासक स्त्री. छायाचित्र : लेखक.

सरांनी हातातला तो लाल दिव्याचा टॉर्च दाबला. लाल ठिपका आईच्या कपाळावर पडला, तिथून डोळ्यांवर सरकला. "ही नजर पाहा," सर म्हणाले. "अर्धी मिटलेली, शून्यात गेलेली. समोरचं जग हिला दिसत नाही. ही तंद्रीची पहिली पायरी." सभागृहात माना हलल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मोबाईलवर फोटो काढला. पुण्याचे प्राध्यापक काहीतरी लिहून घेत होते. लाल ठिपका आईच्या डोळ्यांत फिरत होता. मला वाटत होतं, ती आता डोळे चोळील.

"पुढची," सर म्हणाले.

मी बटण दाबलं नाही.

"पुढची घे गं."

माझं बोट बटणावर होतं. दाबवेना. मागून कुणीतरी म्हणालं, "सटवीचीच तंद्री लागली वाटतं." हशा पिकला.

मी उभी राहिले. टेबलाची कड धरली. म्हटलं, "सर, ही फरशी आमच्या वस्तीतली नाही."

सर हसले. "काय?"

"आमच्याकडे शहाबादी आहे. काळी. ही पांढरी फरशी तुमच्या हॉलची आहे. ती काळी पट्टी दिसते बघा." मी हात केला. सगळ्यांनी बघितलं. "आणि ही तंद्री नाही. ही माझी आई आहे. तुम्ही तिचा चष्मा काढायला लावला. तिला वाटी दिसत नव्हती म्हणून ती अशी बघतेय. चष्मा माझ्या हातात होता. ती सातवी शिकलीय, सर. पेपर वाचते."

"बस खाली."

"नातवासाठी कागद-पेन ठेवलंत, डोकं टेकवलंत, ते कुणापुढं? तेव्हा क्षुद्र नव्हती ती?"

मग सर सभागृहाकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भावनिक झालीय ती. जवळचा विषय घेतला की असं होतं." आणि पुण्याचे प्राध्यापक घड्याळ बघून म्हणाले, "पद्धतीविषयीचे प्रश्न आपण चहानंतर घेऊ."

सगळे उठून चहाला गेले. केतकी जाताना माझ्याकडे न बघता गेली. मी रिकाम्या सभागृहात आईसमोर बसून राहिले. बाहेर कपबश्या वाजत होत्या, बिस्किटांचे पुडे फुटत होते, लोक हसायला पण लागले होते. थोड्या वेळानं लॅपटॉप आपोआप झोपला आणि भिंत निळी झाली. चहानंतर कुणी काही विचारलं नाही. स्लाइडला दुसऱ्या एका मुलीला बसवलं.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुम्हाला घरात घेतलं. आपलं मानलं. त्याचं हे फळ?" म्हणाले, "सोमवारी ये. लेखी माफी दे. प्रबंधात संज्ञा नीट वापर. मी सही करतो. विषय संपला."

घरात घेतलं. हे दोन शब्द मी मखमलाबाद रोडपर्यंत तोंडात घोळवत आले.

मी गावी गेले. आई अंगणात तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. तिचं निवडणं थांबलं नाही. शेवटी म्हणाली, "माफी माग."

"आई!"

"माग. शब्दानं काय अंगाला भोकं पडत्यात का? इतके वरीस घातले, आन् एका चष्म्यापायी पाण्यात घालती? त्यानं सही नाय केली तर काय करशील, पॅकिंगला येशील माझ्यासंगं?"

"ते तुला अडाणी म्हणाले. भिंतीवर लिहून म्हणाले. देवीला क्षुद्र म्हणाले."

"लोक म्हंत्यातच की," आई म्हणाली. मग सूप खाली ठेवून मान वर केली. "फोटू मोठा व्हता?"

"भिंतीएवढा."

"अगं बाई." तिला हसू आलं. पदर सारखा केला. "बिनचष्म्याची बरी दिसती का मी?"

मी उठून घरात गेले आणि रडले. मला वाटलं होतं, जगात कुणी नसलं तरी आई माझ्या बाजूनं असेल. आईला माझी डिग्री पाहिजे होती. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसाइतकी एकटी मी कधीच नव्हते, त्या रिकाम्या सभागृहातही नव्हते. परतीच्या यष्टीत मी माफीची वाक्यं मनात जुळवली. दोन वाक्यं. सोपी होती. पाठ पण झाली.

सोमवारी केबिनमध्ये गेले. सर म्हणाले, बस. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलले. नातवाचं वजन चांगलं वाढतंय म्हणाले. मग हसून म्हणाले, "तुम्हा लोकांचं काय आहे ना, भांडण अगदी पाचवीला पुजलेलं असतं. मी काही मनावर घेत नाही." आणि ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं. काळं. सोनेरी टोपणाचं.

मी त्या कागद-पेनाकडे बघत राहिले. पाचवीला पुजलेलं. माझी पाचवी माझ्या आजीनं पुजली होती. काय पुजलं होतं ते आईनं मला शंभरदा सांगितलंय. वरवंटा, हळद-कुंकू, कोरा कागद, पेन. भांडण नव्हतं त्यात. ज्या माणसाच्या नातवासाठी माझ्या आईनं असाच कागद आणि हेच पेन मांडायला लावलं, तो माणूस मला शिकवणार माझ्या पाचवीला काय पुजलंय ते! पाठ केलेली दोन्ही वाक्यं कुठं गेली कळलं नाही. मी पेन उचललं. जड होतं.

लिहिलं : छायाचित्रातील स्त्रीचे नाव सुमन. शिक्षण सातवी. तंद्री नाही, चष्मा काढायला लावलेला आहे. स्थळ आपला हॉल, गंगापूर रोड. देवतेचे नाव सटवाई. क्षुद्र हा शब्द मी वापरणार नाही.

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. सही केली.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले होते. म्हणाले, "म्हणजे ठरवलंयस तू."

"हो सर."

"नाशकात तुला गाईड मिळणार नाही."

मी पेनाला टोपण लावलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि बाहेर आले.

सर खोटं बोलले नव्हते. गाईड बदलून मिळावा म्हणून अर्ज केला, तो अजून फिरतोय. एकाकडे जागा भरलेली असते. एकाच्या विषयात ते बसत नाही. सिन्नरच्या एक मॅडम खूप प्रेमानं बोलल्या, विषय उत्तम आहे म्हणाल्या, पण वातावरण जरा निवळू दे म्हणाल्या. केतकीचा मेसेज आला होता. "तू बरोबर होतीस. पण सगळ्यांसमोर नको होतं गं." विभागात आता मला कुणी सटवी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. समोरून आले की मोबाईल काढतात. एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, खोलीवर येते, लिहिते. रविवारी अजून आवाज घोगरा होतो. आई फोनवर विचारते, झाली का सही? मी म्हणते, नाय. ती द्राक्षबागेतलं काहीतरी सांगते.

मागच्या महिन्यात वस्तीत एका पोरीची पाचवी होती. मी कॅमेरा घेऊन गेले. आईनं सवयीनं चष्म्याला हात घातला, काढू का म्हणून. मी म्हटलं, हात लावशील तर बघ.

प्रबंध लिहून होत आलाय. क्षुद्र हा शब्द त्यात एकाच प्रकरणात आहे, तो कुणी, कुणाला, कशासाठी लावला ते सांगणाऱ्या. पहिल्या पानावर तो फोटो लावलाय. काळी शहाबादी, आमचा वरवंटा, कोरा कागद, पोरीचं टोपडं, आईचा मोबाईल, आणि नाकावर जाड चष्मा घेऊन थेट समोर बघणारी आई. खाली तिचं नाव आणि शिक्षण सातवी. उशीर होईल. कदाचित सही मिळणारही नाही. मी दरवर्षी अर्ज करीन, दर दारात जाईन, आणि हेच पान उघडून पुढं ठेवीन. ज्याला सही करायची त्यानं आधी हा फोटो नीट बघायचा. चष्मा निघणार नाही.